कितोमधल्या महागड्या, प्रयोगशील इक्वेडोरी रेस्टॉरंटमध्ये जेवणं पैसे वसूल आहे का?

तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी बारा दिवस इक्वेडोरला जाताय. कितोत दहा-बारा छोट्या पदार्थांचा टेस्टिंग मेनू देणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी जेवावं का, आणि सोबतच्या शाकाहारी बहिणीचं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

जरूर जेवा. फक्त पहिल्या रात्री नको, शेवटच्या रात्री जेवा.

मी पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं होतं. विमानतळावरून हॉटेल आणि तिथून थेट रेस्टॉरंट. कितो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी डोकं जड होतं, भूक मरते, चार घास जास्त झाले तरी रात्रभर त्रास होतो. पण खरं नुकसान वेगळंच झालं. ताटात काय येतंय ते मला कळलंच नाही. एका बशीत रुपयाएवढी बटाट्याची टिकिया आली, भोवती शेंगदाण्याचा हलका फेस आणि केशरी तेलाचे दोन थेंब. शेजारच्या टेबलावरचं स्थानिक कुटुंब तो घास खाऊन एकमेकांकडे बघून हसलं. मला तो चांगला परतलेला बटाटा वाटला. ज्याने कधी पुरणपोळी खाल्ली नाही त्याच्यापुढे चमचाभर पुरण आणि तुपाचा थेंब ठेवला तर त्याला काय कळणार, तसं माझं झालं.

पुढे आंबातो या डोंगराळ भागातल्या शहराच्या बाजारात मोठ्या तव्यावर तीच टिकिया दिसली, पण तळहाताएवढी. तिचं नाव यापिंगाचो. उकडून कुस्करलेला बटाटा, आत चीज, आणि आचिओतेच्या बियांचा रंग. आचिओते म्हणजे आपली शेंदरी. सोबत शेंगदाण्याचा दाट रस्सा, तळलेलं अंडं, अवोकाडो. बाकावर खांद्याला खांदा लावून लोक खात होते. त्यानंतर तेनाला, म्हणजे अॅमेझॉनच्या बाजूला, माइतो खाल्लं. बिहाओ नावाच्या झाडाच्या रुंद पानात मासा गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात आणि निखाऱ्यावर ठेवतात. पान वरून करपतं आणि मासा आत स्वतःच्याच वाफेवर शिजतो. पान उघडल्यावर जो हिरवट, धुरकट वास येतो, त्याने मला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचीच आठवण झाली.

शेवटच्या रात्री मी कितोत दुसऱ्या एका रेस्टॉरंटमध्ये गेले. तिथे पाइचे या अॅमेझॉनच्या मोठ्या माशाचा लहानसा तुकडा पानात आला. वाढणाऱ्या मुलीने टेबलावरच पान उघडलं आणि तो वास आला. मला डोळ्यांपुढे तेनाची शेगडी दिसली. यावेळी शेजारच्या टेबलाकडे बघावं लागलं नाही. स्वयंपाक्याने काय राखलंय, काय बदललंय हे जिभेला कळत होतं, आणि या जेवणाचे पैसे त्या कळण्याचे असतात. म्हणून आधीचे दिवस बाजारात आणि 'वेका'मध्ये जेवा. वेका म्हणजे एखाद-दुसऱ्या पदार्थासाठी नाव कमावलेली छोटी खाणावळ.

कुठे जायचं हे ठरवत असाल तर नुएमा हे नाव आधी ऐकू येईल. आलेहांद्रो चामोरो आणि पिया सालासार या जोडप्याचं ते रेस्टॉरंट. पियाला २०२३ साली 'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट' या रेस्टॉरंटांची जागतिक यादी काढणाऱ्या संस्थेने जगातली सर्वोत्तम पेस्ट्री शेफ ठरवलं. नारळ, काळा लसूण आणि यीस्ट यांचा तिचा गोड पदार्थ प्रसिद्ध आहे. गोडात लसूण घालायला मोठा आत्मविश्वास लागतो, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

बिलाचं थोडक्यात. तिथे २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो. मेनूवरच्या किमतीत १५ टक्के इवा (IVA) हा कर आणि १० टक्के सेवाशुल्क धरलंय का ते बुकिंग करतानाच विचारा, नाहीतर बिल सव्वापट होतं.

आता बहिणीचं. नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मांसाशिवाय', म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच लोकांच्या मनात कार्ने म्हणजे गोमांस किंवा डुकराचं मांस. कोंबडी, मासे, कोळंबी, मांसाचं पाणी हे एकेक नाव घेऊन नको म्हणून सांगा. बाजारातला यापिंगाचो बहुतेकदा डुकराच्या चरबीत परततात, तेही विचारा. टेस्टिंग मेनूवाल्या ठिकाणी मात्र चार-पाच दिवस आधी लिहून कळवलं तर तिची चांगली सोय होऊ शकते, कारण या डोंगरांची खरी श्रीमंती कंदांत आणि कडधान्यांत आहे. मेयोको, ओका, माश्वा हे कंद आहेत. चोचो हे कडू कडधान्य, कडवटपणा जाईपर्यंत कितीतरी दिवस पाण्यात ठेवावं लागतं. आणि तिला हेही सांगा की एकादशीच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आलं. तिला हे जेवण परकं वाटणार नाही.

तुमच्या तारखा फार चांगल्या आहेत. २ नोव्हेंबरला तिथे मृतांचं स्मरण करतात आणि त्या सुमाराला घरोघरी, बेकऱ्यांत कोलादा मोरादा मिळतं. जांभळ्या मक्याचं पीठ, मोर्तिन्यो नावाची डोंगरी बेरी, अननस आणि मसाले घालून शिजवलेलं दाट, गरम पेय, सोबत बाळाच्या आकाराचा पाव. पितृपक्षातल्या खिरीसारखं, ते त्या दिवसांशीच बांधलेलं आहे. त्यात इश्पिंगो पडतो. अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका झाडाच्या फुलाचा हा वाळलेला भाग, वास थेट दालचिनीचा. १५४१ मध्ये गोन्सालो पिसारो हा स्पॅनिश सरदार कितोहून मोठी फौज घेऊन 'दालचिनीचा देश' शोधायला निघाला, तो याच वासाच्या मागे. त्या मोहिमेतून फुटून निघालेला त्याचा साथीदार ओरेयाना अख्खी अॅमेझॉन नदी उतरून समुद्राला लागला. दुपारी बेकरीत एक पेला कोलादा घ्या, वास नीट लक्षात ठेवा. रात्री त्या महागड्या टेबलावर शेवटच्या गोड बशीत इश्पिंगो आलाच, तर वाढणाऱ्याने सांगायच्या आधी तो तुम्हाला ओळखता येईल.