पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या पणजोबांचं नाव तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या मृत-जखमींच्या याद्यांत सापडेल का? गाव तासगाव तालुक्यात.

सापडू शकतं, पण त्या जुन्या याद्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं ठळक असायची आणि आपल्या शिपायांचे बहुतेकदा नुसते आकडे. हे वाचताना आजही जीव तुटतो. म्हणून यादीतून आधी पलटण आणि लढाई पक्की करा. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. यादी छापल्याची तारीख मृत्यूची समजू नका. बातमी यायला आठवडे लागत.

मग युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे शिपायाच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. सांगली जिल्हा मात्र टाकू नका! तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव १९६० चं. स्पेलिंगही सैल ठेवा, मराठा हाच शब्द तेव्हा इंग्रजीत ‘Mahratta’ असा लिहीत. आडनाव नसेल तर गावाच्या नावाने शोधा.

आणि घरातली ट्रंक उघडून बघा. शहीदाच्या घरी ब्राँझचा गोल फलक येत असे, त्यावर उठावदार अक्षरांत नाव असतं.