शिरोळकडं उसाच्या रानातल्या बोअरचं पाणी उकळून प्यायलं तर नायट्रेट (खतातल्या नत्रापासून होणारा, पाण्यात विरघळणारा क्षार) जातं का?

नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. तुरटी, गाळणी, क्लोरीनचाही उपयोग नाही, आरओ लागतो. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाणी नितळ दिसतं, चवीवरून कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेतून तपासूनच घ्या.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पावडरचं दूध त्या पाण्यात कालवत असाल, तर आजच बंद करा. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात.

मूळ दुखणं रानातच आहे. सरीत मूठमूठ युरिया विस्कटायचा अन् वर पाटानं पाणी सोडायचं (आपल्याकडं हात आखडत नाही कुणी!), मग उसाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपणारच. हप्त्याहप्त्यानं, जमल्यास ठिबकमधून द्या.