विद्युत अपघटनाच्या प्रयोगात एकाच खिळ्याकडे बुडबुडे का आले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववीतल्या मुलीने ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ घातलं, दोन लोखंडी खिळे बुडवले, ९ व्होल्टची बॅटरी जोडली. एका खिळ्याकडे भरपूर बुडबुडे आले, दुसऱ्याकडे जवळपास काहीच नाही. पाणी आधी हिरवट आणि मग तपकिरी झालं. शाळेत सांगितलं, ‘हायड्रोजन दोन भाग, ऑक्सिजन एक भाग’ असं जर्नलमध्ये लिहून टाक. आता परीक्षेसाठी हा धडा तिला सोपा करून कसा सांगायचा?

धड्याचं नंतर बघू. आधी जर्नल. तुमच्या लेकीला जे दिसलं तेच तिथे घडत होतं, आणि जे लिहायला सांगितलं ते तिथे घडत नव्हतं. पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं, याला प्रयोग म्हणत नाहीत.

तिच्या ग्लासात काय झालं ते बघा. ऋणाग्राच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या, खिळ्यापाशी पाण्यातून हायड्रोजन सुटला आणि हायड्रॉक्साइड आयन (विद्युतभारित कण) मागे राहिले. इथपर्यंत पुस्तकासारखं. धनाग्राचा, म्हणजे धन टोकाला जोडलेला, खिळा मात्र स्वतःच झिजायला लागला. पाण्यातून ऑक्सिजन काढण्यापेक्षा लोखंडाच्या अणूकडून इलेक्ट्रॉन घेणं कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं आणि वायू जवळपास निघतच नाही. हे आयन हायड्रॉक्साइडला भेटले की हिरवट साका तयार होतो आणि हवा लागली की तो तपकिरी पडतो. ऋणाग्राचा खिळा पुसून बघा, तो शाबूत असेल. दुसऱ्यावर खड्डे पडलेले दिसतील.

१८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या विद्युतस्तंभाला, म्हणजे त्या काळच्या बॅटरीला, पितळेच्या तारा जोडून त्या पाण्यात सोडल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं: एका तारेवर हायड्रोजन, दुसरी तार काळवंडलेली. त्यांनी प्लॅटिनमच्या तारा लावल्या तेव्हा कुठे दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन मिळाला. त्यांनी पहिलं निरीक्षण खोडलं नाही, तार बदलली. मुलीलाही नेमकं हेच करायला सांगा.

आता मीठ. ‘वीज वाहायला आयन हवेत, मग मीठ घातलं तर बिघडलं कुठे?’ हा युक्तिवाद शाळेच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. खिळ्यांच्या जागी ग्रॅफाइट लावलं तरी चमचाभर मिठाच्या पाण्यात धनाग्रावर मुख्यतः क्लोरीन निघतो. प्रमाण विभव, म्हणजे पुस्तकात दिलेले आदर्श परिस्थितीतले व्होल्टेज, पाहिले तर ऑक्सिजनला १.२३ व्होल्ट आणि क्लोरीनला १.३६ व्होल्ट लागतात, म्हणजे ऑक्सिजन आधी सुटायला हवा. पण ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, तेही अनेक टप्प्यांत, आणि ग्रॅफाइटवर त्यासाठी बराच जादा व्होल्टेज मोजावा लागतो. क्लोरीनचं काम दोन इलेक्ट्रॉनांत उरकतं. म्हणून तो पुढे जातो. मीठ अगदी चिमूटभर असेल तर दोन्ही वायू मिसळून येतात. त्यात २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात दोन लिटरहून जास्त क्लोरीन विरघळतो, म्हणजे जमा होणारा वायूही कमीच. या मिश्रणातून २:१ कसं येणार? पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडरसारखा वास आला की समजायचं, ऑक्सिजन नाही, क्लोरीन काढलाय.

नीट करायचं तर असं करा. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिक डबा घ्या. तळाला तापवलेल्या सुईने ४ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. क्लच पेन्सिलीच्या २ मिलिमीटर जाडीच्या शिशाचे दोन तुकडे त्यातून वर २ सेंटिमीटर येतील असे बसवा आणि दोन्ही बाजूंनी एम-सील लावा. मऊ शिसं घ्या, २बी किंवा त्याहून मऊ. कडक शिशात मातीचं प्रमाण जास्त असतं, वीज कमी वाहते. तारा डब्याच्या खालच्या बाजूने शिशाला जोडायच्या. तांबं पाण्याला लागलं की खिळ्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त रंग निळा-हिरवा. टाचण्या आणि ड्रॉइंग पिना याच कारणाने नकोत.

२०० मिली पाण्यात दोन सपाट चमचे, साधारण १० ग्रॅम, धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा चालणार नाही. धनाग्रापाशी आम्ल तयार होतं आणि बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून ऑक्सिजनमध्ये मिसळतो. धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट आधी हे आम्ल गिळून बायकार्बोनेट होतो, म्हणून थोड्या वेळाच्या प्रयोगात ही भानगड होत नाही.

वायू मोजायला ५ मिलीच्या दोन सिरिंज, सुई आणि दट्ट्या काढून, टोक एम-सीलने बंद करून. याच द्रावणाने काठोकाठ भरायच्या, तोंड बोटाने दाबून उलट्या करायच्या आणि शिशांवर उभ्या धरायच्या. तोंड तळापासून ३-४ मिलिमीटर वर राहू द्या. तळाला टेकवलं तर आयनांचा रस्ता बंद होऊन प्रवाह पडतो, फार वर धरलं तर बुडबुडे बाहेर निसटतात.

पहिली पाच मिनिटं सिरिंज न लावताच प्रवाह चालू ठेवा. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे सुरुवातीचा बराचसा द्रावणातच मुरतो. त्यानंतर मोजलं तरी २:१ तंतोतंत येणार नाही, ऑक्सिजन थोडा कमीच भरेल. थोडा ऑक्सिजन ग्रॅफाइटलाच खातो, तळाशी काळी पूड दिसते ती त्याचीच. प्रवाह १०० मिलिअँपिअर असेल तर मिनिटाला साधारण पाऊण मिली हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन अपेक्षित आहे. मल्टिमीटर असेल तर हा हिशोब तिलाच करू द्या, फॅरडेचा पहिला नियम (जेवढी वीज वाहिली तेवढ्या प्रमाणात पदार्थ तयार होतो) पाठ करावा लागणार नाही.

वायूची चाचणी घ्यायची तर सिरिंजऐवजी छोट्या काचेच्या परीक्षानळ्या वापरा. विझत आलेली उदबत्ती ऑक्सिजनमध्ये नेली की लखलखते, हायड्रोजनच्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की ‘फट’ असा आवाज होतो.

धड्याबद्दल: तिला अभिक्रियाशीलतेची यादी घोकायला लावू नका. प्रत्येक अग्रापाशी एकच प्रश्न विचारायला शिकवा, इथे कोण कोण उभं आहे आणि त्यातलं सर्वांत सहज कोण बदलेल? उमेदवारांत पाणी असतं, आयन असतात आणि धनाग्रावर खुद्द अग्राचा धातूही असतो. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची अग्रं लावली तर निळा रंग तसाच राहतो, कारण जेवढं तांबं एकीकडे चढतं तेवढं दुसरीकडून उतरतं. ग्रॅफाइट लावलं तर रंग फिका पडत जातो. एवढं तिने स्वतः सांगितलं तर परीक्षेचं बरंचसं काम झालं. ऋणाग्रावर क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं), धनाग्रावर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) हे काय ते पाठ करावं लागेल.

काही गोष्टी राहिल्या. परीक्षेत ‘पाण्याच्या विद्युत अपघटनात वायूंचं प्रमाण किती’ असं विचारलं तर २:१ हेच उत्तर, त्यात वाद नाही. माझा वाद फक्त जर्नलशी आहे. मिठाचा प्रयोगही टाकाऊ नाही. ग्रॅफाइट घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, दोन मिनिटं करा आणि पाण्यात जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घाला: ऋणाग्रापाशी तो हिरवा होतो, धनाग्रापाशी रंगच उडून जातो. पण त्याला ‘मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन’ म्हणा. स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात धनाग्र म्हणून लावू नका, त्यातून क्रोमियम उतरतं आणि त्याची काही संयुगं विषारी असतात. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करायचे नाहीत. आणि वीज बॅटरीचीच वापरा, भिंतीतल्या सॉकेटशी काहीही थेट जोडू नका.

जर्नल अजून तपासायला दिलं नसेल तर निरीक्षणाच्या रकान्यात तिने लिहावं: ‘अग्रे लोखंडी, द्रावण मिठाचे. ऋणाग्रावर वायू, धनाग्रावर वायू नगण्य, धनाग्राचा खिळा झिजला, द्रावण हिरवट व नंतर तपकिरी.’ आणि त्याखाली ग्रॅफाइट व धुण्याच्या सोड्याचे आकडे, जसे येतील तसे.