प्रकाश न पोहोचणाऱ्या खोल समुद्रात प्रवाळ कसे जगते आणि त्यावर कोण राहते?

आपण विचारले आहे की, प्रवाळाला अन्न पुरवणारी शैवाले उजेडावाचून जगत नाहीत, तर खोल काळोखात प्रवाळ तगते कसे आणि त्याच्या आधाराने कोणते प्राणी राहतात. धुळ्यात प्राणिशास्त्र शिकवताना ही शंका मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती रास्तच आहे, कारण आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातले नमुने उथळ समुद्रातल्या प्रवाळांचेच आहेत.

खोल समुद्रातल्या प्रवाळांत ती शैवाले नसतातच. वरून खाली येणारे सेंद्रिय कण आणि प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म प्राणी पकडून ही प्रवाळे जगतात, त्यामुळे त्यांना हवे असते ते वाहते पाणी. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ २००२ मध्ये सापडलेली, सुमारे ४० किलोमीटर लांबीची रोस्ट प्रवाळभिंत ३०० ते ४०० मीटर खोलीवर अशीच वाढलेली आहे.

त्यांच्यावरच्या रहिवाशांनाही मुख्यतः उंची हवी असते. तळालगत घर्षणामुळे पाणी मंद वाहते. म्हणून आपल्याकडे खळ्यात वारा मिळावा यासाठी तिवईवर उभे राहून धान्य उपणतात, तसे भंगुरतारे, म्हणजे तारामाशाचे लांबसडक बाहूंचे नातलग, प्रवाळाच्या फांद्यांवर चढून बाहू प्रवाहात पसरतात. उत्तर अटलांटिकमधल्या सागरी पर्वतांवर मेटॅलोगॉर्जिया या प्रवाळाच्या जवळपास प्रत्येक झाडोऱ्यावर ओफिओक्रिअस जातीचा एकच भंगुरतारा आढळतो. कोवळ्या प्रवाळावर लहान आणि वाढलेल्यावर मोठा, म्हणजे दोघे बरोबरीनेच वाढत असावेत. लोफेलिया या प्रवाळात युनिस नावाचा कृमी नळी बांधून राहतो. तो यजमानाचा घास पळवतो, हे खरे. पण त्याच्या नळीवर प्रवाळ चुन्याचा थर चढवते, त्यामुळे शेजारच्या फांद्या सांधल्या जाऊन भिंत मजबूत होते. त्याला निव्वळ परजीवी म्हणणे मला पटत नाही.

याखेरीज खेकड्यांचे नातलग या फांद्यांवर वावरतात, तर काही लहान शार्क आपली अंडी त्यांना अडकवून ठेवतात.

रहिवाशाचा यजमानाला किती उपयोग होऊ शकतो, हे मेक्सिकोच्या आखातात दिसले. २०१० च्या तेलगळतीनंतर सुमारे १,३७० मीटर खोलीवरच्या प्रवाळांवर तपकिरी गाळ साचला होता. पुढील वर्षांच्या छायाचित्रांची तुलना केल्यावर असे आढळले की, भंगुरतारा जिथे वेटोळे घालून बसला होता, त्याच्या जवळच्या फांद्या दूरच्या फांद्यांपेक्षा अधिक चांगल्या सावरल्या होत्या.