तापलेली गच्ची आणि तुंबलेला शोषखड्डा

प्रश्न: आमचं घर वर्तकनगरला, इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर. एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरालाही छताकडून धग येते. गच्चीवर पत्र्याची शेड टाकावी, असं काही सभासद म्हणतात, तर काहींना पांढरा रंग पुरेसा वाटतो. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी रंग. पाच-सहा इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी तुमच्या झोपेच्या वेळी, खाली सोडतो. म्हणून ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परतवायला हवं. करडा, मळलेला कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटा-सिमेंटचा थर, जेमतेम पाव हिस्सा ऊन परतवतो. चांगलं पांढरं कूल रूफ कोटिंग नवं असताना पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त परतवतं. शेडनेही फरक पडतो, पण तिला महापालिकेची परवानगी लागते, वादळी वाऱ्यात ती पक्की टिकावी लागते आणि खालून चारही बाजूंनी वारा खेळता नसेल तर तापलेला पत्राच स्लॅबला धग देत राहतो.

रंग फसतो तो बहुतेक वेळा कोब्यातल्या ओलीमुळे. पाऊस संपला की लगेच काम उरकू नका, कोबा आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. मीटरभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. आतून थेंब धरले तर थांबा, कारण त्या ओलीची वाफ होऊन रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. आमच्या मते फेब्रुवारी-मार्च हा योग्य काळ.

शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या. भेगा व्ही आकारात खोलून पॉलिमर मॉर्टरने भरा. मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. हजार चौरस फुटांना दोन हातांसाठी साधारण 45 ते 50 लिटर रंग लागतो, नेमका आकडा डब्यावर बघा. रंगारी पाणी घालून रंग लांबवतात, तिथे उभं राहून लक्ष द्या. जिथे पाणी साचतं तिथला उतार रंग लावण्याआधी दुरुस्त करा, साचलेल्या पाण्याखाली कोणताही रंग टिकत नाही.

पांढऱ्या टाइलचे तुकडे म्हणजे चायना मोझॅक रंगापेक्षा जास्त टिकतं. पण त्याखालच्या दोन इंच सिमेंट-वाळूच्या मसाल्याचंच वजन चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास होतं. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवलेल्या इमारतीत स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय त्याचा विचारही करू नका.

खर्च कमी ठेवायचा तर चुना. चुनकळी, म्हणजे न विरलेल्या चुन्याचे खडे, रात्रभर पाण्यात विरवून, कापडातून गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून तीन हात द्या. विरवताना चुना उकळून उडतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. पहिल्या पावसाळ्यात तो बराचसा धुपून जातो, पण एक उन्हाळा निभावतो आणि फरक किती पडतो ते सर्वसाधारण सभेला दाखवता येतं. रंग कोणताही असो, धूळ बसली की त्याचं काम मंदावतं, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गच्ची धुवा.

प्रश्न: नेरूळमधल्या आमच्या चार मजली, 16 घरांच्या सोसायटीत पर्जन्यजल संधारणासाठी दहा फुटांचा शोषखड्डा खणला. जुलैत तो काठोकाठ भरून राहतो, पाणी मुरतच नाही. चूक कुठे झाली?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: खड्ड्याची नाही, जागेची निवड चुकली. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग सखल, भराव घातलेला आणि खाली खाडीच्या चिकणमातीचा आहे. म्हणूनच सिडकोला इथे भरतीचं पाणी रोखणारे दरवाजे आणि पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव बांधावे लागले. पावसाळ्यात भूजलच वर येतं आणि खड्डा खालून भरतो. खाडीजवळ ते पाणी मचूळही असतं. इथे पाणी मुरवू नका, साठवून वापरा.

तुमची गच्ची 200 चौरस मीटर धरू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 200 लिटर पाणी. गळती-उडती वजा जाता 100 मिलिमीटरच्या दिवशी 16,000 लिटर सहज मिळतं. टाकी मात्र वर्षाच्या पावसावर नव्हे, रोजच्या वापरावर ठरवा. 64 माणसं, फ्लशला माणशी 30 लिटर, म्हणजे रोज सुमारे 1,900 लिटर. 5,000 लिटरच्या दोन टाक्या पाच दिवस पुरतात आणि पावसाळ्यात तेवढ्यात पुन्हा भरतात.

टाक्या जमिनीवरच ठेवा. पुरलेली प्लास्टिकची टाकी रिकामी असताना भूजलाच्या दाबाने वर उचलली जाते, पाइप तुटतात. भरल्यावर दोन्ही टाक्यांचं वजन दहा टन, तेव्हा भरावावर नुसत्या विटा रचून भागणार नाही, अभियंत्याकडून काँक्रीटचा पाया घ्या.

पहिलं मळकं पाणी टाकून देण्यासाठी अनेक प्लंबर हातभर उभा पाइप लावतात. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतं आणि तुम्हाला पहिले 200 लिटर सोडायचे आहेत. तिथे 200 लिटरचा पिंप बसवा. तो भरला की पुढचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीकडे वळेल. पिंपाच्या तळाचा नळ किंचित उघडा ठेवा, दोन सरींच्या मध्ये तो आपोआप रिकामा होतो.

ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको. त्याच्या तोंडाला डासांची जाळी लावा आणि तो पावसाळी गटाराला जोडा, मलवाहिनीला नाही. फ्लशची लाइन पूर्ण वेगळी टाका. पालिकेच्या पाण्याच्या लाइनशी ती व्हॉल्व्ह लावूनही जोडायची नाही, कारण व्हॉल्व्ह कधीतरी गळतोच.

प्रश्न: घोडबंदर रोडला आमची खोली पश्चिमेची. जाड पडदे लावूनही संध्याकाळी भट्टी होते.
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर: पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काचेतून आत आलेलंच असतं. अडवायचं ते काचेबाहेर. मावळतीचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे छज्जाचा फारसा उपयोग नाही. ग्रिलच्या आत पण काचेबाहेर बांबूची चिक किंवा 75 टक्के ऊन अडवणारं शेडनेट चार-सहा इंचांची फट ठेवून लावा, तापलेली हवा त्या फटीतून वर निघून जाते. गडद फिल्म साध्या काचेवर लावू नका, ऊन पडलेला भाग तापून चौकटीतली गार कड तडकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात चिक उतरवून ठेवा.