स्पामध्ये हजार लिटरचा फिश टँक, तोही कर्ज काढून?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की रिसेप्शन आणि रिलॅक्सेशन रूमच्या मधे पार्टिशन म्हणून १००० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक बसवायचा, अर्धे पैसे धंद्याच्या इमर्जन्सी फंडातून आणि अर्धे ३ वर्षांच्या पर्सनल लोनमधून, आणि गाळ्याच्या भाडेकरारातले २२ महिने उरलेत. हा टँक घेऊ नका. टँकच नको असं मात्र मी म्हणत नाहीये, त्यावर खाली येतेच.

आधी तुमची मूळ कल्पना, ती चुकीची नाहीये. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथच्या नॅशनल मरीन अ‍ॅक्वेरियमवर एक अभ्यास छापून आला होता, तिथल्या साडेपाच लाख लिटरच्या टँकमध्ये टप्प्याटप्प्याने मासे सोडत असताना बघणाऱ्यांच्या हृदयाची गती आणि ब्लड प्रेशर मोजलं, दोन्ही उतरलेलं दिसलं आणि मासे वाढले तशी लोकं जास्त वेळ थांबायला लागली, मूडही सुधारला. त्यामुळे माशांनी माणूस शांत होतो यावर माझा तुमच्याशी वाद नाही. वाद आहे तो शांत झालेला माणूस तुमच्या गल्ल्यात किती जास्त टाकतो यावर, आणि ते त्या अभ्यासात कोणी मोजलेलं नाही.

आता एक गोष्ट बघा, तुमचा कस्टमर मसाजच्या बेडवर पालथा असतो, डोळे मिटलेले, त्या अख्ख्या तासात टँकचा त्याला काही उपयोग नाही. तो मासे बघणार ते आधीची १० मिनिटं आणि नंतरची १५. आणि तेही आत आल्यावर. म्हणजे टँकमुळे झालाच तर फायदा परत येणाऱ्यांमध्ये होईल, नवीन माणूस दारात येण्यात फारसा नाही. तुम्हीच लिहिलंय की शनिवार-रविवार फुल आणि मधल्या वारी बेड रिकामे, मग मंगळवारी दुपारचा रिकामा बेड मासे कसे भरणार ते मला तरी दिसत नाही.

हिशोब आपण सेशनमध्ये करू. एका सेशनमागे तेल, टॉवेल, थेरपिस्टचं कमिशन वगैरे जाऊन जे उरतं ते १ युनिट. तुमच्या आकड्यांवरून टँकचं कोटेशन साधारण ३६० सेशन इतकं बसतंय. त्यातले १८० लोनचे, ३६ महिन्यांवर व्याज धरून महिन्याला ६ च्या आसपास. बाकीचे १८० तुमच्या फंडातले, ते करार संपायच्या आत परत भरायचे तर महिन्याला ८. आणि मेंटेनन्सवाला, मीठ, आरओ पाणी, चिलर आणि पंपाची वीज मिळून तुम्ही धरलेत महिन्याला १२. झाले २६. तुम्ही महिन्याला करता १७० सेशन, म्हणजे १५ टक्के धंदा वाढला पाहिजे आणि तोही निव्वळ टँकमुळे, एरवी येणारच होते ते धरायचे नाहीत. बरं, करार संपला तरी लोनचे १४ हप्ते उरतातच, आणि भिंतीत बसवलेला टँक काढून दुसरीकडे न्यायचा खर्च वेगळा, जुन्या टँकला भाव जवळजवळ येत नाही. कर्ज वस्तू वापरात असेपर्यंत फिटलं पाहिजे, इथे वस्तू संपते आणि हप्ता चालू राहतो.

विक्रेता म्हणाला की खर्च दाखवून टॅक्स वाचेल. वाचेल, पण खर्चाचा एक भागच, बाकीचे तुमच्याच खिशातून. यावर जास्त बोलत नाही.

फंडाचं मात्र मला खरंच टेन्शन आलं. आत्ता त्यात दोन महिन्यांचा खर्च आहे आणि यानंतर एकापेक्षा कमी राहील. एखादी थेरपिस्ट सोडून गेली किंवा गीझर गेला तर पगार कुठून देणार?

कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी पण आहेत. १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो, वर काच, स्टँड, दगड. तुम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवायलाच हवं आणि गाळामालकाची लेखी परवानगी हवी, आणि टँक फुटून खालच्या दुकानात पाणी गेलं तर तुमचा इन्शुरन्स ते भरतो का हे पॉलिसी उघडून वाचा. दुसरं म्हणजे स्पाची हवा. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, त्यात तुमचे डिफ्युझर, इसेन्शियल ऑइल, रूम स्प्रे, आणि नेलपेंट काढायचं काम त्याच खोलीत असेल तर त्याची वाफ, माशांना हे चालत नाही. मेलेला मासा तरंगताना दिसला की शांतता गेलीच.

मग काय करायचं? दीडशे-दोनशे लिटरचा गोड्या पाण्याचा टँक, निऑन टेट्रासारखे थव्याने फिरणारे छोटे मासे, थोडी झाडं, आणि तो रिलॅक्सेशन रूममध्ये, डिफ्युझरपासून लांब. असा साधारण ६० सेशनमध्ये होईल असं धरा, मेंटेनन्स महिन्याला ३, म्हणजे २२ महिन्यांवर पसरून सगळं मिळून ६. हे झेपतं, आणि ते चालू नफ्यातून करा, फंडाला हात लावायचा नाही. तुमच्याकडे टँक भाड्याने देणारं कोणी असेल तर त्याहून बरं, महिन्याला थोडं जास्त जाईल पण करार संपला की टँक त्याचा त्याला परत. (टीव्हीवर माशांचा व्हिडिओ सगळ्यात स्वस्त, पण तो मला बघवत नाही.)

मेंटेनन्सच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या, मासा मेला तर बदली कोण देणार, बिघाड झाल्यावर किती तासात माणूस येणार, आणि गळतीचं नुकसान कोणाचं. टँक बसवल्या दिवशीच मासे सोडतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे फिल्टरमधले बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्याआधी अमोनिया वाढून मासे मरतात.

आणि टँक यायच्या आधी तीन महिने एक आकडा लिहून ठेवायला लागा, पहिल्यांदा आलेल्यांपैकी ६० दिवसांत किती जण परत आले. टँकनंतर सहा महिने तोच आकडा बघा. मधल्या काळात गाळामालकाशी करार पाच वर्षांनी वाढवायची बोलणी सुरू करा, तो वाढला आणि परत येणारेही वाढलेले दिसले तर मोठ्या टँकचं कोटेशन घेऊन परत लिहा, तेव्हा आकडे नव्याने मांडू.