पैसे मोजून सगळे मिळणाऱ्या मुंबईत सामाजिक संस्थांचे रोजच्या जगण्यात काम काय?

आपण विचारले आहे की कुटुंब, धर्म, शिक्षण, राज्यसंस्था ही यादी पाठ्यपुस्तकात वाचली, परीक्षेत लिहिली. पण मुंबईत राहायला आल्यापासून डबा, भाड्याचे घर, दवाखाना, पाळणाघर असे सगळेच पैसे देऊन मिळते आहे, तेव्हा रोजच्या आयुष्यात या संस्था नेमके करतात तरी काय? मी लालबाग-परळ भागात वाढले आणि पुढे बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर याच शहराच्या आधाराने देते.

माझ्या मते संस्थेचे मुख्य काम एकच आहे. मदत आणि जबाबदारी या गोष्टी एखाद्याच्या चांगुलपणावर सोडून न देता त्या कोणी, केव्हा आणि किती करायच्या हे आधीच ठरवून ठेवणे, आणि ठरवणारी माणसे निघून गेली तरी ते चालू राहील अशी सोय करणे. शेजारी भला असेल तर तो आजारपणात धावून येतो आणि नसेल तर येत नाही. संस्था असली की तो प्रश्न त्याच्या स्वभावाचा राहत नाही. आपण पैसे मोजून जी सेवा घेता ती मिळण्यासाठीही अशा कितीतरी गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात, परंतु त्या नीट चालू असतात तोवर आपल्या नजरेला पडत नाहीत.

रविवारच घ्या. गिरण्यांच्या आरंभीच्या काळात मुंबईच्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, निवेदने दिली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आज लग्नाच्या तारखा, नाटकांचे प्रयोग, सोसायटीच्या सभा, एवढेच काय पण रेल्वेचा मेगाब्लॉकसुद्धा रविवार धरूनच ठरतो. आपण घरी झोपून घालवलेल्या सकाळीमागे कोणीतरी अर्ज लिहिले होते, सह्या गोळा केल्या होत्या हे आता कोणाला आठवत नाही, आणि संस्था पूर्णपणे रुजल्याची खूण हीच असते.

मुंबईतील ज्या संस्थेविषयी मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते ती मात्र पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ती म्हणजे गावाची खोली. गिरणीत काम करायला कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष बहुधा बायकामुलांना गावी ठेवून येत. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची, भाडे सर्वांनी वाटून घ्यायचे, असा रिवाज होता, आणि त्या खोलीचा कारभार गावाचे मंडळ पाही. जेमतेम एका कुटुंबाला पुरेल अशा खोलीत वीस-पंचवीस जण राहू शकत, कारण गिरण्या पाळ्यांमध्ये चालत आणि एक पाळी कामावर असताना दुसरी झोपलेली असे. प्रत्येकाची पत्र्याची पेटी, भिंतीवरची खुंटी आणि पथारी टाकायची जागा ठरलेली असे. गावाहून नवा मुलगा आला की तो स्टेशनवरून किंवा बंदरावरून थेट खोलीवर येई. त्याला काम लागेपर्यंत सांभाळून घ्यायचे आणि एखाद्या खात्यात त्याच्यासाठी शब्द टाकायचा ही त्या खोलीची जबाबदारी मानली जाई. कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोचवणे, कोणी वारला तर घरी कळवणे आणि क्रियाकर्माचा खर्च उचलणे, गावच्या शाळेला किंवा देवळाला वर्गणी धाडणे, ही सारी कामे मंडळाच्या वहीतून होत.

आमच्या चाळीत अशी एक खोली होती आणि तिचा हिशेब ठेवणारे गृहस्थ गिरणीतून आले की आधी वही उघडून बसत. त्यांचे अक्षर फार सुंदर होते. कोणाची वर्गणी थकली आहे हे ते चारचौघांत कधी बोलत नसत, पण वहीत मात्र ते स्पष्ट लिहिलेले असे आणि ती वही पाहण्याचा अधिकार सगळ्यांना होता. पुढे समाजशास्त्र शिकवताना सदस्यत्व, नियम, उत्तरदायित्व हे शब्द मला कधी कोरडे वाटले नाहीत, त्याचे कारण ती वही होय. धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक राहण्याची ठिकाणे, होते, त्यांचीही रचना बरीचशी अशीच. जहाजावर नोकरी करणारे खलाशी दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तिथे राहत आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत.

परंतु या खोलीचे दार सगळ्यांसाठी उघडे नव्हते, हे सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. गावाची खोली म्हणजे पुष्कळदा गावातल्या एका जातीची किंवा एका भावकीची खोली असे. गिरणीच्या आतही तेच होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतर विणकर त्याला विटाळ मानत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. संस्था आपल्या माणसांना जितक्या घट्ट धरते तितक्याच घट्टपणे ती इतरांना बाहेरही ठेवू शकते, आणि ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांना स्वतःच्या संस्था उभाराव्या लागल्या. १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमधील सभेतून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, जिथे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. सकाळी तास, दिवसा नोकरी अशा क्रमाने पदवी घेतलेल्या पहिल्या पिढीच्या घरात पुढच्या पिढीला काय मिळाले, हे मी वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहून सांगू शकते.

आपण डब्याचा उल्लेख केला आहे म्हणून खाणावळीविषयीही लिहिते. खोलीवर राहणारे पुरुष जेवत ते बहुधा शेजारपाजारच्या एखाद्या बाईच्या घरी, महिन्याच्या हिशेबाने. किराणा आधी भरावा लागे आणि जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत, त्यामुळे मधल्या दिवसांसाठी या बायका सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेत. बँकेत जायचे तर तारण नाही, आणि घर चालवणाऱ्या बाईच्या धंद्याला कोणी धंदा मानत नव्हते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांचे गट करून, त्यांना एकमेकींना जामीन ठेवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक त्या आधीही करत होत्या, जेवणारेही तेच होते; बदलले ते इतकेच की त्यांच्या शब्दाला आता बँकेत किंमत आली. पैसे देऊन मिळणाऱ्या सेवेच्या पाठीशी संस्था कशी उभी असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पगारच थांबला तर काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो रीतसर कधी मिटलाच नाही आणि हजारो जणांची कामे कायमची गेली. त्या काळात लोकांनी तग धरला तो गावच्या शेतीवर, भावाबहिणीच्या घरावर, मंडळाच्या खोलीवर आणि बायकांनी घरबसल्या सुरू केलेल्या कामांवर. यांतील एकही आधार दुकानात मिळणारा नव्हता, आणि संप सुरू झाल्यावर तो नव्याने उभाही करता आला नसता. वर्षानुवर्षे दिलेली वर्गणी, लग्नाकार्यात केलेली मदत, जपलेली नाती हे सगळे आधीपासून असावे लागले. आपले प्रश्न आज पैशाने सुटत असतील तर ते चांगलेच आहे. परंतु त्या सोयीला आपल्या दरमहा उत्पन्नाची अट आहे, एवढे लक्षात घ्यावे.

गिरण्या गेल्यावर खोल्या मात्र राहिल्या आणि त्यांच्यावरून वादही झाले, कारण खोली गावाची असली तरी भाडेपावती बहुधा कोणा एकाच्याच नावावर असे. तो हयात असेपर्यंत कोणाच्या मनात किंतु येत नसे; चाळीचा पुनर्विकास निघाला की मात्र त्याच्या वारसांचा हक्क मोठा की मंडळाचा, असा प्रश्न पडे. ज्या मंडळांनी ठराव, वर्गणीच्या पावत्या आणि सभेची इतिवृत्ते जपली त्यांना निदान बोलायला आधार होता. नुसता विश्वास एका पिढीपुरता पुरतो, असे मला हे वाद पाहून वाटू लागले.

सगळेच नियम अर्थात कागदावर नसतात. लोकलच्या दुसऱ्या वर्गात तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा देणे, महिलांच्या डब्यात बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ असे विचारून तिची जागा धरून ठेवणे, हे कोणत्याही कायद्यात नाही, तरी ते मोडणाऱ्याला सगळा डबा मिळून समज देतो. हे नियम पाळण्यासाठी कोणी कोणाला ओळखावे लागत नाही. दररोज लाखो अनोळखी माणसे एकमेकांना खेटून प्रवास करतात आणि सहसा भांडण होत नाही, यात या अलिखित व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

कुटुंबाविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्याला माहीत आहेच. कुटुंब ही मूळ संस्था खरी, पण या शहरात एकटे कुटुंब फार काळ पुरे पडत नाही, आणि ते सर्वांत लवकर कळते ते दुर्धर आजारात. परळला टाटा रुग्णालय आणि केईएम येथे देशभरातून रुग्ण येतात. उपचार महिनोन्महिने चालतात आणि सोबत आलेल्या माणसाला पाठ टेकायलाही जागा नसते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी रुग्णांची आणि नातेवाइकांची अल्प खर्चात राहण्याची सोय होते. डॉक्टरांनी दिलेला उपचार पूर्ण करता येईल की अर्धवट सोडून गावी परतावे लागेल, हे पुष्कळ घरांच्या बाबतीत अशा एका खाटेवर ठरते.

आता आपल्या स्वतःच्या दारापाशी येऊ. आपण भाड्याच्या सदनिकेत राहता असे लिहिले आहे, म्हणजे आपली इमारत बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्था असेल. ही कल्पना मुंबईत जुनी आहे: १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तीही एका ज्ञातीच्या पुढाकाराने, म्हणजे गावाच्या खोलीप्रमाणे तिथेही आधी आपली माणसे आणि मग इमारत असाच क्रम होता. आता बहुतेक इमारतींत क्रम उलटा झाला आहे. आधी सदनिका विकत घ्यायची आणि मग सभासद म्हणून अनोळखी लोकांसोबत राहायचे. मला हा बदल चांगला वाटतो, कारण त्यात जातीची आणि गावाची अट सहसा नसते. काही सोसायट्या आडनाव किंवा आहार विचारून अजूनही भाडेकरूंना परत पाठवतात, ते मला अत्यंत खेदाचे वाटते. मात्र या बदलाची एक किंमत आहे. वही ठेवणारा माणूस आता आपोआप मिळत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. अर्ध्या तासात गणसंख्या, म्हणजे ठरलेली किमान हजेरी, भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, म्हणून पुष्कळ सोसायट्यांत दरवर्षी दहा-बारा माणसे शंभर घरांचे निर्णय घेतात. त्यांतील बहुतेक जण निवृत्त असतात, विनावेतन काम करतात आणि लोकांची बोलणी खातात. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, जमा व्हावी लागते; ती वेळच्या वेळी जमली नाही तर वीस-पंचवीस वर्षांनी स्लॅब गळू लागल्यावर प्रत्येकाला एकदम मोठी रक्कम भरावी लागते आणि ज्यांना ती भरणे शक्य नसते ते घर विकून दूर जातात.

भाडेकरू म्हणून आपल्याला सभेत मत देता येणार नाही, परंतु घरमालक सभासद असतात आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे सभासदाला संस्थेचे हिशेब, उपविधी आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहण्याचा अधिकार आहे. त्यांना विनंती करून मागच्या सभेचे इतिवृत्त एकदा वाचा. पाण्याच्या टाकीची सफाई कोणी करवून घेतली, लिफ्टचा करार कोणी वाचला, रखवालदाराला सुटी कोणत्या दिवशी द्यायची हे कोणी सुचवले, हे सारे त्यात नावानिशी लिहिलेले असते. आणि सभेला हजर असलेल्यांच्या सह्या किती आहेत तेही पाहा.